बाबांना रिपोर्टचं पोर्टल वापरू द्यावं की नाही? सल्ला हवाय

सध्या_मुलुंड
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. बाबा ७१ वर्षांचे, बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, आईबाबा दोघंच लालबागला असतात आणि मी मुलुंडला. बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. परवा रुटीन ब्लड टेस्ट केल्या आणि लॅबने मोबाईलवर लिंक पाठवली, की पोर्टलवर जाऊन रिपोर्ट बघा. ती लिंक आली रात्री सव्वाअकराला. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) १.३२, शेजारी लाल अक्षरात एच, म्हणजे हाय, खाली ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, कमी म्हणजे वाईट) ५८. बाबांनी आकडा गुगलला टाकला, तिथून एका पानावरून दुसऱ्या पानावर, आणि साडेबाराला मला फोन, "अगं, डायलिसिसला आठवड्यातून किती वेळा जावं लागतं?"
डॉक्टर सोमवारी भेटणार. तोवर माणूस झोपत नाहीये, आईला म्हणे बँकेचे कागद काढून ठेव. भाऊ म्हणतो पासवर्ड बदलून टाक, यापुढे रिपोर्ट आपल्याच नंबरवर येऊदेत. मला ते पटत नाही पण दुसरं काही सुचतही नाहीये. आणि मराठीत धड माहिती देणारी एखादी साईट आहे का?

खोडरबर
भाऊ बरोबर बोलतोय. आमच्याकडे ओटीपी माझ्याच मोबाईलवर येतो, मी बघते, मग आईला सांगायचं ते सांगते. घरात शांतता आहे.

गिरगाव_कट्टा
मी स्वतः ६८ चा, म्हणून बोलतो. आमच्या चिरंजीवांनी हाच उद्योग केला होता. मी काय केलं, सरळ लॅबमध्ये गेलो, काउंटरवरून कागदी प्रत घेतली आणि पँटच्या खिशात ठेवून आठ दिवस एकटाच घाबरत फिरलो, कारण आता मुलाला विचारायचं म्हणजे चोरी उघडी पडणार. लपवल्याने माणूस वाचायचा थांबत नाही हो, फक्त तुम्हाला विचारायचा थांबतो.

सिरिंजवाला
पॅथॉलॉजी लॅबमध्ये १६ वर्षं काढलीयत, त्यामुळे थोडं लांबण लावतो. तो लाल एच मशीन लावतं, डॉक्टर नाही. नॉर्मल रेंज साधारणपणे अशी ठरवतात की निरोगी लोकांपैकी ९५ टक्के तिच्यात बसतील, म्हणजे धडधाकट वीस जणांतला एक तसाही बाहेर जाणारच, आणि तुम्ही एका झटक्यात तीस-चाळीस गोष्टी तपासल्यात तर एखाददुसरा आकडा लाल येण्यात नवल काही नाही. आता तुमच्या बाबांचं. ईजीएफआर ६० च्या खाली दिसला की नेटवर लगेच किडनीच्या आजाराची तिसरी स्टेज वगैरे येतं, पण ते लेबल लावायला तो किमान तीन महिने खाली राहिलेला दिसावा लागतो, एका रिपोर्टवर लावत नाहीत. वयानुसारही तो उतरतो. आदल्या दिवशी पाणी कमी प्यायलं, मटण हाणलं, तरी क्रिएटिनिन थोडं वर जातं. म्हणून सोडून द्या असं म्हणत नाहीये, सोमवारी जायचंच. पण जुने रिपोर्ट शोधा आधी. एकटा १.३२ काही बोलत नाही, तीन वर्षांपूर्वी किती होतं ते बोलतं.
आणि एक विचारू का, गुडघ्याबिडघ्याला काही घेतात का?

सध्या_मुलुंड
अय्या, हो! गुडघे दुखतात म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पेनकिलर आणतात, आत्ता आईला विचारलं तर म्हणते दोन महिने जवळजवळ रोज चालू आहे. डॉक्टरांना सांगितलंच नाहीये, का तर "ती कुठे बीपीची गोळी आहे". बीपीला टेल्मिसार्टन आहे.

सिरिंजवाला
तेच. तसल्या पेनकिलर किडनीवर ताण देतात आणि टेल्मिसार्टनच्या जातीच्या गोळीबरोबर तो धोका वाढतो. आजच फोन करून डॉक्टरांना एवढं सांगा. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने अजिबात बंद करू नका. सोमवारी पेनकिलरची रिकामी स्ट्रिप घेऊन जा, नाव सांगण्यापेक्षा ते बरं. आणि लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, जातंय का ते तपासायचं का, हे विचारा.

दोन_नंबर_प्लॅटफॉर्म
आकड्यांचं ठीक आहे, आमच्याकडे शब्दांनी घात केला. सासूबाईंचा बायॉप्सी रिपोर्ट निगेटिव्ह आला, त्यांनी पोर्टलवर तेवढाच शब्द वाचला आणि रडायलाच लागल्या, निगेटिव्ह म्हणजे वाईटच ना! सोनोग्राफीत अनरिमार्केबल लिहिलं होतं ते ट्रान्सलेटवर टाकलं तर असं काही आलं की जणू डॉक्टरांनी यकृताची लायकी काढलीय. अर्थ काय, तर सगळं ठीक.
साईटचं विचारलंत तर मी मेडलाइनप्लस बघते, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची आहे, एकेका टेस्टवर वेगळं पान, जाहिराती नाहीत. पण इंग्रजी आणि स्पॅनिश, मराठीत नाही. मी आधी वाचते आणि मग चहा घेताना सासूबाईंना मराठीत सांगते, आणि त्यांनाच म्हणते आता तुम्ही मला सांगा काय कळलं ते. तेव्हा कळतं निम्मं भलतंच पोचलंय.

भांडुपचा_भाऊ
रिपोर्ट चॅटबॉटला टाका, मस्त मराठीत समजावतो.

सिरिंजवाला
टाका, पण नाव, मोबाईल नंबर, लॅबचा नंबर झाकून. आणि मला काय झालंय असं विचारू नका, डॉक्टरांना काय विचारू असं विचारा. पेनकिलरचं त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कसं कळणार?

भांडुपचा_भाऊ
मान्य. बाकी आभा नंबर, म्हणजे सरकारी हेल्थ आयडी, काढलात का? १४ अंकी असतो, फुकट आहे. लोकांना वाटतं रिपोर्ट सरकारकडे जमा होतात, तसं नाही, ते ज्या त्या लॅब-हॉस्पिटलकडेच राहतात, तुम्ही परवानगी दिली की ॲपमध्ये दिसतात, आणि परवानगी मागेही घेता येते. अट एवढीच की ती लॅब जोडलेली हवी, नाहीतर जुने कागद स्वतःच स्कॅन करत बसा. मी बसलोय, दोन रविवार गेले.

सध्या_मुलुंड
अपडेट देते. शुक्रवारीच फोन केला, डॉक्टरांनी पेनकिलर थांबवली, आणि सोमवारी लघवीची टेस्ट लिहून दिली, दोन आठवड्यांनी आणि मग तीन महिन्यांनी परत क्रिएटिनिन बघायचंय. डायलिसिसचं नाव काढल्यावर हसले. पासवर्ड बदलला नाही. ठरलं असं की रात्री लिंक आली तर उघडायची नाही, सकाळी मला व्हिडिओ कॉल लावून दोघांनी मिळून बघायचं. आईने माळ्यावरून फाईल काढली, २०२२ चं क्रिएटिनिन १.२४ निघालं, ते बघून त्या रात्री बाबा घोरले म्हणे.
आता नवीनच. बाबांनी शंभर पानी वही आणून कंडक्टरच्या वेबिलसारखे रकाने पाडलेत, तारीख, टेस्ट, आकडा, मागचा आकडा, डॉक्टरांना विचारायचं काय. अक्षर मोत्यासारखं. आणि काल खालच्या मजल्यावरच्या काकांकडे जाऊन म्हणाले, तुमचेही रिपोर्ट द्या, हिशोब लावून देतो. काकांना शुगर आहे, काकूंचा मला फोन. हे कसं थांबवू?

गिरगाव_कट्टा
थांबवू नका. वहीत एक पान माझ्यासाठी ठेवायला सांगा.