आई-आजीचं वर्षस्मरण, कबर, जुनं शास्त्र (बायबल): अनुभव सांगा

वर्षस्मरण जवळ आलं की ख्रिस्ती घरांत तेच प्रश्न निघतात. उपासनेत वाचायच्या जीवन-परिचयात काय लिहायचं, कबरीवर दगड कधी बसवायचा? विदर्भातल्या खेड्यांत ज्यांनी हे निभावलंय त्यांनी नेमकं सांगावं. सांत्वन नको, कामाचं बोला.

यवतमाळकर
आधारवरची जन्मतारीख धरू नका. त्या पिढीच्या बायकांची तारीख बरेचदा १ जानेवारी किंवा १ जून, अंदाजे टाकलेली. मंडळीचं (चर्चचं) बाप्तिस्मा रजिस्टर काढा, आणि नोंद माहेरच्या गावी, वडिलांच्या नावाखाली शोधा. पण आधी मंडळी कोणाची ते पाहा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, त्यात जुन्या स्कॉटिश मिशनच्या मंडळ्या गेल्या. आमच्याकडच्या फ्री मेथडिस्ट आणि अकोला-अमरावतीच्या अलायन्स (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स) मंडळ्या वेगळ्याच राहिल्या. चुकीच्या कचेरीत ‘नोंद नाही’ एवढंच ऐकायला मिळतं.

मोर्शीची लेक
परिचय पाच मिनिटांचा, म्हणजे साधारण पाचशे शब्द. ‘प्रेमळ, कष्टाळू, प्रार्थनाशील’ हे कुठल्याही आजीला चालतं, म्हणून खोडा. स्त्री मंडळाची सभा कोणाच्या ओसरीवर घ्यायची, कोणतं गीत काढायची, नाताळला किती पायल्यांचे अनारसे, हे लिहा. वाचायला नातू-नात बरी, मुलाचा आवाज अडकतो. नीतिसूत्रे ३१ सगळीकडेच वाचतात. आई आणि आजी दोघींचं स्मरण असेल तर २ तीमथ्य १:५ घ्या, तिथे आजी लोईस आणि आई युनीके नावानिशी आहेत. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत उपासना सकाळी ठेवू नका, माणसं वावरात असतात.

वऱ्हाडी मिस्त्री
काळ्या मातीत घाई नको बाप्पा! निदान एक पावसाळा जाऊ द्या. खड्ड्यात भरलेली माती दबत जाते. वरून काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. लगेच ओटा बांधला की मधोमध चीर ठरलेली. शिळा डोक्याकडे, पण खड्ड्याच्या बाहेर, न खणलेल्या जमिनीत उभी करा. मुरूम लागेपर्यंत खोदा. तो फार खोल असेल तर दोन फूट काळी माती काढून मुरूम भरा, थराथराने पाणी मारून ठोका. वर चार इंच काँक्रीट १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी), सात दिवस पाणी. बाजूने विटांची कड घाला पण मधला भाग मातीचाच ठेवा. खचली की भर टाकता येते.
कडप्प्यावर रंगवलेली अक्षरं उन्हाने उडतात, ग्रॅनाइटवर कोरून घ्या. मजकूर छापून द्या, आणि छिन्नी लागण्याआधी दगडावर आखलेला मजकूर स्वतः वाचा. ऱ्हस्व-दीर्घ आणि वचनांचे आकडे इथेच चुकतात.

मोर्शीची लेक
आई-आजीच्या शास्त्राच्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. दारातल्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा. फाटक्या पानाला चिकटपट्टी नको, पिवळी पडून कागद खाते. भिंतीला टेकवून ठेवलं तर वाळवी लागते.

धामणगावकर
२ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसासाठी कबरस्थान कधी साफ करावं? मिस्सासाठी (कॅथलिक उपासनेसाठी) नाव फादरांना आधीच दिलंय.

वऱ्हाडी मिस्त्री
गाजरगवत फुलावर यायच्या आत, पावसाने जमीन ओली असतानाच मुळासकट उपटा. हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते. तणनाशक मारू नका. शेजारच्या कबरीवर कोणी झेंडू लावला असतो, तोही जातो.