ऊर्जा, शक्ती, चैतन्य की नुसता जीव? : शब्दचर्चा

शाईचा डाग

एका योगवर्गाचं माहितीपत्रक मुद्रितशोधनाला आलंय. त्यातलं एक वाक्य दोन दिवस घशात अडकलंय.

"सर्व सजीवांमध्ये एकच वैश्विक दैवी ऊर्जा वास करते."

व्याकरणाची चूक नाही, शुद्धलेखनाची नाही. तरी वाचताना कोणीतरी बाहेरून आणून ठेवल्यासारखं वाटतं. मी 'ऊर्जा' खोडून 'शक्ती' केलं, मग 'चैतन्य' केलं, मग परत 'ऊर्जा'. कल्पना तर आपल्याकडे सातशे-आठशे वर्षं मराठीत बोलली जातेय. मग तेव्हा तिला काय म्हणत होते? 'आत्मा' सुचवून पाहिला. समोरून उत्तर आलं, "आत्मा नको, लोकांना दहावं-तेरावं आठवतं."

खरं आहे म्हणा. मराठी माणसाला आत्मा दोनदाच आठवतो. एकदा पुरणपोळी खाल्ल्यावर, "आत्मा तृप्त झाला", आणि एकदा श्रद्धांजलीच्या फलकावर.

पाटीपेन्सिल

बाकी काय हवं ते लिहा, पण ऊर्जा आणि शक्ती एकमेकींच्या जागी बसवू नका. वर्षानुवर्षं मुलांना घोकून घेतोय. बल न्यूटनमध्ये मोजतात, ऊर्जा ज्यूलमध्ये, शक्ती वॅटमध्ये. 60 वॅटचा दिवा दर सेकंदाला 60 ज्यूल ऊर्जा खातो, संपलं. ऊर्जा साठते, वाहते, एका रूपातून दुसऱ्यात जाते. ती 'वास' करत नाही. मागे एका मुलीने विचारलं, सर, सकारात्मक ऊर्जा किती ज्यूल असते? मी खडू खाली ठेवला.

शाईचा डाग

सर, तुमच्या पुस्तकाच्या आधीपासून शक्ती आहे हो. धातू शक्. आपलं 'शकणे' त्यातलंच. 'मला करता येतं' यातली जी क्षमता, ती शक्ती. पण म्हणूनच मला इथे शक्ती खटकते. शक्ती म्हटलं की आधी देवी उभी राहते, आदिशक्ती. पत्रकातल्या माणसाला देवी अभिप्रेत नाही. त्याला कोणताच चेहरा नको आहे.

जुनी पोथी

ताई, तुमच्या वाक्यातला खरा घोटाळा नामात नसून क्रियापदात आहे, असं मला वाटतं. जरा लांबण लागेल, माफ करा.

ही कल्पना मराठीत ज्या ओवीने सर्वांच्या तोंडी बसवली ती ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायातली. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 ची मराठी:

जें जें भेटे भूत । तें तें मानिजे भगवंत । हा भक्तियोगु निश्चित । जाण माझा ॥

यात ऊर्जा नाही, शक्ती नाही, 'सजीव' नाही. आहे ते 'भूत'. धातू भू, म्हणजे होणे, असणे. भूत म्हणजे जे झालं आहे ते, अस्तित्वात आलेलं काहीही. त्याच धातूतून भूतकाळ आला, पंचमहाभूतं आली, 'भूतपूर्व' आलं. दगड, गाढव, शेजारी, सगळे भूत. पिशाच्च हा अर्थ संस्कृतातही होताच (आयुर्वेदाच्या आठ अंगांतलं एक भूतविद्या), पण आज मराठीत त्याने बाकीच्यांना हुसकावून लावलंय.

गंमत अशी की आपलं शुद्धलेखन हे भांडण अजून जपून ठेवतं. भूतदया, भूतमात्र, भूतसृष्टी या सामासिक शब्दांत ऊकार दीर्घ राहतो आणि अर्थ जुना राहतो. भुताटकी, भुताखेतांच्या गोष्टी, भुताला घाबरणं, इथे उकार ऱ्हस्व झाला की पिंपळावरचं भूत खाली उतरतं. नियम काही अर्थ बघून केलेला नाही, पण परिणाम तोच. 'जीव'चंही तेच. जीवशास्त्र, जीवदया, जीवात्मा हे पोथीतले. जिवाभावाचा, जिवलग, जिवावर उदार हे घरातले.

आता क्रियापद. ओवीत 'आहे' कुठे आहे? 'मानिजे' आहे. हे -इजे लावलेलं रूप जुन्या मराठीत सर्रास येतं: कीजे, बोलिजे, मानिजे. 'मानावं', 'मानलं जावं'. म्हणजे प्रत्येक भूतात भगवंत बसला आहे असं प्रमेय मांडून ओवी थांबत नाही, जो भेटेल त्याला तसं मानायला सांगते. आणि 'भेटे' बघा. सगळं विश्व एका दमात मानायचं नाही. जे जे भेटेल ते ते, एकेक. रस्त्यात आडवं आलेलं कुत्रंसुद्धा. (कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा कीर्तनात याच ओवीला जोडून येते, ती उगाच नव्हे.)

तुमच्या पत्रकातलं "वास करते" म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य झालं. अमुक प्राणी तमुक ठिकाणी वास करतो.

पाटीपेन्सिल

'मानिजे' आवडलं. मानायला माझी ना नाही, मोजायला लावू नका.

अडकित्ता

पोथीबुवा, अर्ध सत्य सांगताय. गीतेत थेट 'आहे' आहे. "ईश्वरः सर्वभूतानां हृद्देशेऽर्जुन तिष्ठति", अठराव्या अध्यायातला 61 वा श्लोक. तिष्ठति, म्हणजे राहतो, उभा आहे. विधान आहे ते, विनंती नव्हे. आणि त्याच्याही आधी बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य उद्दालकाला सांगतो की जो सर्व भूतांत राहून भूतांहून वेगळा आहे, ज्याला भूतं ओळखत नाहीत, जो त्यांना आतून चालवतो, तो तुझा आत्मा, अंतर्यामी. तेव्हा योगवाल्यांचं 'वास करते' इतकंही परकं नाही.

जुनी पोथी

मान्य. 'तिष्ठति' माझ्या नजरेतून निसटलं नव्हतं, सोयीने बाजूला ठेवलं होतं. पण अंतर्यामी काढलाच आहे तर त्याची मराठीत काय गत झाली ते पाहा. मूळ शब्द म्हणजे अंतः अधिक यम् धातू, आतून नियमन करणारा. तो कर्ता आहे, कुणीतरी आहे. मराठीने त्या शेवटच्या 'ई'ला घरी, दारी, मनी यांच्यातली सप्तमी समजून घेतलं. "माझ्या अंतर्यामी ठसलं" म्हणजे 'अंतर्यामात', मनाच्या तळाशी. मग 'अंतर्याम' असं वेगळं नामही तयार झालं. जो आत बसून लगाम धरतो तो गेला, उरली नुसती आतली जागा. एका प्रत्ययाच्या गैरसमजात देव हरवला, असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही.

कृष्णाकाठ

इथे सगळे गृहीत धरून चाललेत की जीव म्हटला की त्यात एकच कुणीतरी असणार. आमच्याकडे, म्हणजे सांगली-कोल्हापूर भागातल्या मराठी बोलणाऱ्या जैन घरांत, 'जीव' रोजच्या बोलण्यात तुमच्याहून जास्त येतो. पाणी गाळतात, जीव असतात. रात्री जेवत नाहीत, जीव पडतात. पण आमच्या शास्त्रात प्रत्येक जीव स्वतंत्र आहे. अनंत जीव, प्रत्येकाचं कर्म वेगळं, कुणी कुणाचा अंश नाही आणि वर सर्वांना व्यापून उरलेला कर्ता ईश्वरही नाही. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, वनस्पती यांच्यातही एकेंद्रिय जीव मानतो आम्ही. तत्त्वार्थसूत्रात आहे, "परस्परोपग्रहो जीवानाम्", जिवांनी एकमेकांच्या उपयोगी पडणं. आता हेच पसायदानातल्या "भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें" शेजारी ठेवा. 'परस्पर' दोन्हीकडे आहे. एकच शक्ती मात्र एकाच बाजूला आहे.

तेव्हा पत्रकात 'एकच' लिहाल तर ते एका दर्शनाचं मत आहे. सर्वांचं म्हणून छापू नका, एवढंच.

पिंपळपान

यात माझीही भर. आमच्या घरात निधनाच्या पोस्टवर 'आत्म्यास शांती लाभो' कोणी लिहिलं की आजोबा चष्मा काढून ठेवतात. आम्ही 'आदरांजली' लिहितो, 'अभिवादन' लिहितो. आत्माच मानत नाही तर शांती कुणाला? पण आम्हा बौद्धांच्या पंचशीलातलं पहिलं शील "पाणातिपाता वेरमणी", म्हणजे जीव मारण्यापासून दूर राहणं. पालीतला 'पाण' म्हणजेच 'प्राण', श्वास घेणारा जीव. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. आत एकच दैवी काहीतरी आहे म्हणून मारू नका, असं कारण तिथे द्यावं लागलेलं नाही. श्वास चालू आहे, एवढं पुरतं.

आणि कृपया, 'आत्मा' मराठीत पुल्लिंगी आहे. "तिची आत्मा भटकतेय" हे हिंदी मालिकांचं देणं. न मानणाऱ्यालाही लिंग चुकलेलं खपत नाही.

मालवणी काजू

"भूतां परस्परें पडो मैत्र" हे आमच्या वाडीत अवसेच्या रात्री मोठ्याने म्हणू नये, एवढीच विनंती.

प्राण निघालाच आहे तर 'जनावर' पण घ्या. फारसी 'जान' अधिक 'वर', जान असलेला. 'प्राणी' म्हणजे प्राण असलेला. दोन भाषांनी एकाच पद्धतीने शब्द घडवला आणि दोन्ही आपल्या पदरात पडले. मग आपण वाटणी केली: शाळेत प्राणी, गोठ्यात जनावर. आमच्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, 'जनावर' म्हणतात. ज्याची भीती वाटते त्याला नुसतं 'जीव असलेलं' म्हणायचं. मला यात तुमच्या ओवीहून जास्त अदब दिसते.

अडकित्ता

प्राणावरून एक प्रश्न. 'जीव गेला' पण 'प्राण गेले'. हे अनेकवचन का?

जुनी पोथी

कारण ते पाच आहेत. प्राण, अपान, व्यान, उदान, समान. जेवणाआधी "प्राणाय स्वाहा" म्हणून जे पाच घास घेत, ते यांच्याच नावाने. म्हणून पंचप्राण, म्हणून 'प्राण कंठाशी आले'. 'प्राण गेला'ही चालतं, पण अनेकवचनाला वजन आहे. जीव मात्र मराठीत एकटाच असतो. आणि कृष्णाकाठ यांच्या मुद्द्याला पुरवणी: हे मतभेद बाहेरून आलेले नाहीत. ज्ञानेश्वरीच्याच शतकात, याच मराठीत महानुभाव पंथ जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि एकमेकांहून भिन्न मानत होता. तिथे जीव परमेश्वराचा अंश नाही, होणारही नाही. एकाच शतकात, एकाच भाषेत 'जीव' हा शब्द दोन घरी दोन अर्थांनी नांदत होता.

शाईचा डाग

तुमच्या सगळ्यांच्या नादाने मी काल 'जीव'चे वाक्प्रचार लिहीत बसले. जीव लागतो, रमतो, गुंततो, खालीवर होतो, टांगणीला लागतो, भांड्यात पडतो, मेटाकुटीला येतो. आणि 'जिवात जीव आला' तर मला आता कळेचना: कोणाच्या जिवात कोणाचा? वर 'जीव लावणे'. मांजराला जीव लावला, म्हणजे माझा होता तो थोडा तिकडे लावला. रोपाने जीव धरला, पावसाने पिकांना जीवदान दिलं. हा जीव इकडून तिकडे जातो, वाटून घेता येतो, अडकतो. तत्त्वज्ञानाचा एक शब्द न बोलता रोजच्या मराठीने तो सगळ्यांमध्ये खेळता ठेवलाय. ऊर्जा कोणी मांजराला लावत नाही. चैतन्यही नाही.

कृष्णाकाठ म्हणतील की वाक्प्रचार म्हणजे सिद्धान्त नव्हे. बरोबर आहे. पण माझं काम सिद्धान्ताचं नाही, वाक्याचं आहे.

तुकोबांनीही 'विष्णुमय जग' म्हटल्यावर लगेच खाली "कोणाही जीवाचा न घडो मत्सर" आणलंय आणि शेवट "एका देहाचे अवयव" वर केलाय. पायाला ठेच लागली तर डोळ्यात पाणी येतं, तेवढंच एकत्व.

पाटीपेन्सिल

मग चैतन्य का नको? मला तर तोच बरा वाटत होता. जड विरुद्ध चेतन.

शाईचा डाग

मीही शेवटी तिथेच पोचले होते. चित् धातू, जाणणे. त्यातून चेतन, चैतन्य. आपली चूलही 'चेतते', तीही त्याच घरातली. पण वर्तमानपत्रांनी त्याचं काय केलंय बघा: बाजारपेठेत चैतन्य, कार्यकर्त्यांत चैतन्याचं वातावरण. जाणीव जाऊन लगबग उरली. तरी मी धाडस करून लिहून पाठवलं: "सगळ्या जिवांत एकच चैतन्य आहे, असं मानून आम्ही सुरुवात करतो." पोथीबुवांचं 'मानिजे' मुद्दाम घातलं, आणि कृष्णाकाठ यांच्यासाठी 'आम्ही'.

तासाभराने फोन. वाक्य फार आवडलं म्हणाले, पण तेवढं चैतन्य बदला. सकाळच्या सहाच्या वर्गाला शिकवणाऱ्या मुलाचं नाव चैतन्य आहे.

मालवणी काजू

मग आता?

शाईचा डाग

"जो जो भेटेल तो आपलाच जीव, असं मानून आम्ही सुरुवात करतो." असं छापायला गेलंय. 'दैवी' गेलं, 'वैश्विक' गेलं, ऊर्जा सरांकडे परत. फक्त 'जो जो भेटेल' मध्ये सहाच्या वर्गाला उशिरा येणारे धरायचे का, असं चैतन्यने विचारलंय.