शिस्त ठीक, पण कुठल्या कामाची?

चित्रकारांच्या बर्नआउटवरच्या या चर्चेत वर एकांनी लिहिलंय, ‘काळ कसाही असो, रोज एक चित्र काढा, बर्नआउट आपोआप जातो.’ मला हे अर्धंच पटलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तीच मुळी कामाच्या ताणाशी जोडून. आजार म्हणून नव्हे. थकवा, कामाबद्दल कडवटपणा आणि ‘आपल्याच्याने काही होत नाही’ ही भावना, ही त्याची लक्षणं.

आपली चित्रकारांची गोची अशी की पोटापाण्याचं आणि हौसेचं काम एकाच हाताने होतं. दिवसभर पत्रिका आणि लोगो करायचे, ‘एआयवर फुकट होतं’ म्हणत भाव पाडणाऱ्यांशी घासाघीस करायची, आणि रात्री पुन्हा इन्स्टासाठी चित्र? तो ओव्हरटाइमच झाला.

मी रविवारी नाशिकच्या गोदाघाटावर फक्त वही-पेन नेतो. पावसाळ्यात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं, तेवढंच टिपतो. पूर किती आला हे अख्खं नाशिक त्याच्यावरूनच ठरवतं. जलरंग मुद्दाम नेत नाही. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळेपर्यंत मोबाइल हातात येतो. शिवाय हेच घाट नाशिकचे नामवंत चित्रकार शिवाजी तुपेंनी रंगवलेत, तुलना करत बसलात की संपलंच! ही पानं कुणाला दाखवत नाही.

आणि हो, निम्मे पैसे आगाऊ घ्या. माझी बरीचशी दमणूक उधारीच्या तगाद्याची होती.