उन्हात पाऊल टाकलं की शिंका, आणि घरात ट्यूबलाइटही सोसत नाही: दोन्हींचं मूळ एकच का?

नमस्कार मंडळी,

मला कॉलेजपासून अर्धशिशी आहे. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल आणि हे तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल, तर डॉक्टर तिला क्रॉनिक म्हणतात. मी ती रेषा केव्हाच ओलांडली आहे. आता डोकं दुखत नसतानाही उजेड सोसत नाही. मॉलमधले पांढरे एलईडी, समोरून येणाऱ्या गाडीचा हाय बीम, ऑफिसातली लुकलुकणारी ट्यूब. घरी पडदे ओढून बसते आणि हल्ली घरातसुद्धा गॉगल लावते. घरच्यांना ही नाटकं वाटतात.

दुसरी गोष्ट लहानपणापासूनची. सावलीतून उन्हात आले की दोन-तीन शिंका ठरलेल्या. बाबांचंही तसंच, आणि आता लेकीचंही. सासूबाईंची पंचाईत अशी की मी उंबरठा ओलांडला रे ओलांडला की शिंकते. मग "जरा टेक, घोटभर पाणी पी, मग नीघ." परत बाहेर पडले की परत शिंक! नाक-कान-घसावाल्यांनी ॲलर्जीची गोळी दिली होती, काडीचा फरक पडला नाही.

प्रश्न असे:
१. हे दोन्ही एकाच आजाराचे भाग आहेत का? शिंका वाढल्या म्हणजे अर्धशिशी वाढतेय असं समजायचं का?
२. घरात गॉगल लावावा का?
३. एक्सप्रेसवेवर बोगद्यातून बाहेर येताना हमखास शिंका येतात. गाडी मीच चालवते. काही उपाय?

कृपया 'ध्यान करा' सोडून काहीही सांगा.

---

खवय्या_कोल्हापुरी: आमच्याकडे शिंक अडली की आजी म्हणायची, "सूर्याकडं बघ, येतीय." मला वाटायचं सगळ्यांनाच येते. बायकोला विचारलं तर तिनं मला वेड्यात काढलं. वाचतोय.

---

दृष्टीआड: मी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्म्याचा नंबर देणारी) आहे, डॉक्टर नाही, हे आधी सांगते.

ताई, शिंकांचं नाव फोटिक स्नीझ रिफ्लेक्स. साधारण १८ ते ३५ टक्के लोकांना असतो. आई-वडिलांपैकी एकाला असला तरी प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी, त्यामुळे तुमच्या तीन पिढ्यांचं नवल नाही. हा आजार नाही आणि ॲलर्जी तर नाहीच, म्हणून गोळीचा उपयोग झाला नाही. ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या ग्रंथात हा प्रश्न आहे, तिथे दोष उन्हाच्या उष्णतेवर ढकललाय. सतराव्या शतकात फ्रान्सिस बेकनने डोळे मिटून उन्हाकडे तोंड केलं, ऊब तीच पण शिंक नाही. म्हणजे कारण उजेड. त्यातही अंधारातून एकदम लख्ख उजेडात येणं.

चेहऱ्याची संवेदना ट्रायजेमिनल नावाच्या नसेतून मेंदूकडे जाते. नाकातली खाजही तिच्यातूनच. डोळ्यावर एकदम प्रकाश पडला की तो संदेश या नसेच्या वाटेवर सांडतो आणि मेंदूला वाटतं नाकातच काहीतरी गेलं, असं सर्वसाधारण मत आहे. जुन्या लँडलाइनला क्रॉस कनेक्शन लागायचं ना, तसं. नेमकं कुठे, यावर अजून एकमत नाही.

उजेड न सोसण्याची वाट वेगळी आहे. डोळ्याच्या पडद्यावर चित्र पाहणाऱ्या पेशींखेरीज मेलानोप्सिन हे प्रकाश टिपणारं रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात. त्या फक्त किती उजेड आहे ते मोजतात, आणि निळसर प्रकाशाला, ४८० नॅनोमीटरच्या आसपास, जास्त दाद देतात. २०१० साली बोस्टनच्या संशोधकांनी अर्धशिशी असलेल्या अंध व्यक्ती तपासल्या. ज्यांना चित्र दिसत नव्हतं पण उजेड-अंधार कळत होता, त्यांचं डोकं उजेडाने जास्त दुखायचं. ज्यांना उजेडच कळत नव्हता, त्यांना फरक पडत नव्हता. या पेशींचा संदेश थॅलॅमसमध्ये, म्हणजे संवेदना पुढे पाठवणाऱ्या मेंदूतल्या भागात, मेंदूच्या आवरणाच्या दुखण्याला जाऊन मिळतो, आणि ते दुखणं आणणारी नसही ट्रायजेमिनलच.

तेव्हा नस सामाईक, भानगडी दोन. शिंकांवरून अर्धशिशीचा अंदाज बांधू नका. उजेडाचा त्रास मात्र अर्धशिशी आटोक्यात आली की बहुधा कमी होतो, म्हणून त्याची नोंद डायरीत ठेवा.

घरात काळा गॉगल नकोच. डोळे अंधाराला सरावतात आणि पुढे साधा दिवाही टोचतो. एफएल-४१ नावाची गुलाबीसर छटा मिळते, ती निळा-हिरवा पट्टा अडवते. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना चालते. आणि कोरड्या डोळ्यांची तपासणी करून घ्या. अर्धशिशीवाल्यांत हे पुष्कळ सापडतं, आणि बुबुळाची नसही तीच.

---

अर्धशिशी_क्लब: वरच्या ताईंना अनुमोदन. एफएल-४१ मी ऑफिसात लावते, लोक 'फॅशन' म्हणतात, म्हणू देत. 'हिरव्या उजेडाने मायग्रेन जातं' असे मेसेज फिरतात, त्यावर बाजारातला हिरवा बल्ब आणू नका. ज्या २०१६ च्या अभ्यासावरून हे निघालं, त्यात अगदी अरुंद पट्ट्याचा मंद हिरवा प्रकाश होता. जिरोचा हिरवा दिवा म्हणजे ते नव्हे.

तुम्हाला टोपिरामेट (अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून देतात ती गोळी) चालू आहे का? माझं सुरू झालं तेव्हा न्यूरोलॉजिस्टने बजावलं होतं: सुरुवातीच्या आठवड्यांत अचानक धूसर दिसलं, डोळा दुखला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डोळ्यातला दाब चढू शकतो.

---

कणा_मोडका: मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज येण्याचा आजार आहे. एक डोळा लाल, दुखरा, उजेड अजिबात नको, असं झालं तेव्हा मी 'डोळे आले' म्हणून थेंब घालत बसणार होतो. निघालं युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज. सांध्यांचा किंवा ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते असा) आजार असलेल्यांनी हे अंगावर काढू नये. आणि ताप, मान आखडणं आणि उजेड नको हे एकत्र आलं तर सरळ कॅज्युअल्टी.

ल्युपस (हाही एक ऑटोइम्यून आजार) असलेले जे 'ऊन सोसत नाही' म्हणतात ते बरचसं कातडीचं, अतिनील किरणांचं. त्याला सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्या. या धाग्यात त्याची गल्लत नको.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. टोपिरामेट नाही, दुसरं औषध आहे. डोळ्यांची वेळ घेतली. बोगद्याचं राहिलंच की! आणि बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तिथे शिंकले तर?

---

दृष्टीआड: बोगद्यात काळा गॉगल लावू नका, आत दिसणारच नाही. सन व्हायझर आधीच खाली करा, बोगदा संपायच्या आत पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा आणि लेन बदलू नका. काहींना नाकाखाली, वरच्या ओठावर बोट दाबून फायदा होतो, पण स्टिअरिंगवरचा हात काढून नको. १९९३ मध्ये अमेरिकेत लढाऊ वैमानिकांना यातून असलेल्या धोक्यावर लेख आला होता, तेव्हा तुमची काळजी फुकाची नाही.

बाबांचं बरं विचारलंत. गुंगी देऊन डोळ्याभोवती भुलीचं इंजेक्शन देताना काही पेशंट अचानक शिंकतात, आणि सुई तिथे असताना ते धोक्याचं. ज्यांना उन्हात शिंका येतात त्यांच्यात हे जास्त दिसतं. हल्ली बऱ्याचदा नुसत्या थेंबांवर काम होतं, तरी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही आधी सांगा. फॉर्मवर हा प्रश्न बहुधा नसतो, तुम्हीच लिहून द्या.