ठाणे विरुद्ध सांगली: शेतीतल्या विजेचं नि डिझेलचं उत्सर्जन कसं ताडून बघू?

कळवा_प्राजक्ता
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी शेतीत जळणाऱ्या ऊर्जेची तुलना करतेय. एकीकडे मुरबाड-शहापूर, दुसरीकडे वाळवा-पलूस. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न नि शेती संघटना) आकड्यांत अख्खा भारत एका ओळीत संपतो, त्याचा उपयोग नाही. खाचरातला मिथेन धरायचा का? वाशी मार्केटला भाजी आणणाऱ्या गाड्यांचं डिझेल? आणि विजेच्या युनिटचा कार्बन कसा काढू?

ठाणे_पूर्व
मिथेन नको, तो ऊर्जेच्या खात्यात येतच नाही. गाड्या वाहतुकीत. ट्रॅक्टर, पॉवर टिलर, पंप एवढंच तुझं.

ऐरोली_निवृत्त
वीज वितरणात आयुष्य गेलं माझं, त्यामुळे विजेपुरतं सांगतो. एका युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धर. केंद्रीय विद्युत प्राधिकरण साऱ्या देशासाठी एकच सरासरी काढतं, कारण २०१३ च्या अखेरीपासून देशाची ग्रिड एकच आहे. मुरबाडला वेगळा नि वाळव्याला वेगळा गुणांक शोधत बसू नकोस.

आता पाच एचपीची मोटर घे. तासाला चार युनिट ओढते, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास. तेवढंच डिझेल इंजिन तासाला लिटरभर पितं, आणि एका लिटरचे होतात २.७ किलो. कार्बनच्या हिशोबात दोन्ही एकाच माळेचे मणी! हीच मोटर नॉर्वेत पाण्याच्या विजेवर चालवली तर जवळपास शून्य. म्हणून देशादेशांची तुलना ही पुष्कळदा शेतीची नसतेच, वीजघरांची असते.

खरी गोम युनिटमध्ये आहे. विनामीटर पंपाचे युनिट एचपीवरून अंदाजाने लावतात. कागदावर तीन एचपी, विहिरीवर जाऊन पाटी वाचावी तर पाच. त्यात ऑटो स्विच लावलेला, रात्री वीज आली की मोटर आपोआप सुरू, पाणी बांधाबाहेर गेलं तरी चालूच. तेव्हा मीटरवाले नि विनामीटर वेगळे ठेव, नाहीतर दोन तालुक्यांतला फरक शेतीचा की अंदाजाचा हेच कळणार नाही.

आणि सांगलीत ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांची वीज विसरू नकोस. ती शेतकऱ्याच्या बिलात दिसत नाही, पण कृष्णेचं पाणी वर चढतं ते तिच्याच जोरावर.

कळवा_प्राजक्ता
धन्यवाद काका! उपसा योजना डोक्यातच नव्हत्या. आकडा हेक्टरी काढू की टनामागे?

ऐरोली_निवृत्त
हेक्टरी. टनामागे काढलंस तर ऊस हटकून जिंकणार, त्याचं वजनच तेवढं. मुरबाडचा भात पावसावर पिकतो, पंपाला हात लागत नाही, तरी टनाच्या हिशोबात त्याचं तेज दिसणार नाही.

दिवाळे_कोळी
मध्येच बोलतो. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरची आंतरराष्ट्रीय समिती) उत्सर्जनाच्या वर्गवारीत शेती, वनं नि मासेमारी एकाच खान्यात आहेत. आमच्या होड्यांचं डिझेल ठाण्याच्या आकड्यात मिसळलेलं असेल तर सांगलीशी तुलना कसली? तिथे समुद्र कुठाय!

ठाणे_पूर्व
बरं आठवलं. जुनी आकडेवारी घेणार असशील तर १ ऑगस्ट २०१४ च्या आधीच्या ठाणे जिल्ह्यात पालघर येतं. डहाणूच्या चिकूवाड्या, वसईची बागायत, सातपाटीच्या बोटी, सगळं त्यात. जिल्ह्याऐवजी तालुकेच घे, म्हणजे दोन्ही भानगडी मिटतात.