आर्थिक साक्षरतेच्या खेळांतून आर्थिक छळ ओळखायला शिकवता येईल का?

प्रश्न

मी प्रौढांसाठी आर्थिक साक्षरतेचे वर्ग घेते. अंदाजपत्रक, व्याज आणि विमा हे विषय आम्ही पत्ते व फाशांच्या खेळांतून शिकवतो आणि डाव रंगतातही. मात्र मागील सत्रानंतर एक सहभागी थांबून मला म्हणाल्या, "व्याजाचे गणित मला आधीपासूनच येते. माझा पगार कोणाच्या हातात जातो, हे तुमच्या खेळात कुठेच येत नाही." त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले. आर्थिक छळ ओळखता यावा, अशा रीतीने खेळाची रचना कशी करावी?

पहिला प्रतिसाद

आपल्या बहुतेक खेळांत सर्व भिडूंना सारखी रक्कम आणि सारखी माहिती मिळते, आणि नेमकी तीच गोष्ट छळाच्या नात्यात नसते. तिथे एक जण पैसा व माहिती स्वतःकडे ठेवतो, दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढतो किंवा त्याला नोकरीच करू देत नाही. त्यामुळे ही विषमता नियमांतच आणावी लागेल. हा विचार नवा नाही. एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ मध्ये पेटंट घेतलेला 'द लँडलॉर्ड्स गेम' हा खेळ जमिनीच्या मक्तेदारीचे दुष्परिणाम खेळणाऱ्यांना अनुभवायला लावण्यासाठीच रचलेला होता. त्यातूनच पुढे आलेल्या आणि १९३५ पासून पार्कर ब्रदर्स या कंपनीने विकलेल्या मोनोपॉलीत मात्र इतरांना कंगाल करणे हेच जिंकणे ठरले.

आम्ही जोड्यांचा एक खेळ करून पाहिला. दोघेही कमावतात, पण जमाखर्चाची वही एकाच भिडूला दिसते आणि दुसऱ्याने प्रत्येक खर्चासाठी त्याची परवानगी घ्यायची असते. तीन-चार पाळ्यांतच वहीवाला भिडू "मी हे दोघांच्या भल्यासाठीच करतो आहे" असे म्हणू लागला. हे वाक्य त्याला कोणी शिकवले नव्हते. त्यानंतरची चर्चा कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाची ठरली.

दुसरा प्रतिसाद

वरील खेळात भूमिकांची अदलाबदल अवश्य करावी, अन्यथा एकाच व्यक्तीला पूर्ण वेळ हात पसरावा लागतो. प्रत्यक्षातील जोडप्यांना एका जोडीत बसवू नये. खेळात उघड विचारलेल्या प्रश्नाचा जाब एखादीला घरी गेल्यावर द्यावा लागू शकतो, आणि छळ सहन करणारी व्यक्ती स्वतंत्र होण्याच्या हालचाली करू लागली की धोका पुष्कळदा वाढतो. "तुमच्या घरी असे घडते का?" हा प्रश्न कोणालाही विचारू नये, पात्रांची नावे काल्पनिक ठेवावीत आणि मदत कोठे मिळते याची माहिती सर्वांना सारखीच द्यावी, म्हणजे ती कोणी घेतली हे उठून दिसत नाही.

खेळ मुळात हवा की नको, याबद्दल मला शंका होती. परंतु जी गोष्ट स्वतःविषयी बोलवत नाही, ती सोंगटीच्या आडून बोलता येते, हे मी पाहिले आहे.

तिसरा प्रतिसाद

सहीचे पत्ते जरूर ठेवा. कर्जाला जामीन राहण्याचा कागद पुढे येतो आणि वाळूचे घड्याळ उलटते; भिडूने सही करायची, नकार द्यायचा किंवा "वाचायला वेळ हवा" असे म्हणायचे. हे शेवटचे वाक्य मोठ्याने म्हणण्याचा सराव फार उपयोगी पडतो. सही केल्यास दरमहा २ टक्के चक्रवाढ व्याज लावावे, म्हणजे हप्ता न भरल्यास सुमारे ३५ महिन्यांत कर्ज दुप्पट होते. इथे गणितही शिकून होते, आणि कर्ज कोणाच्या माथी बसते हेही दिसते.

प्रश्नकर्ती

जमाखर्चाच्या वहीचा खेळ पुढील सत्रात घेईन, जोड्या मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवीन आणि प्रत्यक्षातील जोडपे एकत्र आले तर चिठ्ठी पुन्हा काढीन. त्या सहभागींना आधी एकट्याने भेटून नियम दाखवणार होते, पण दुसरा प्रतिसाद वाचून तो विचार सोडला. मसुदा सर्वांनाच देईन.