हॅमरले साधा बिट कसा लावायचा?

सचिव: आपल्या लेआउटची (वसाहतीची) हॅमर मशीन, म्हणजे ठोके मारत होल पाडायची ड्रिल, सध्या प्लॉट १२ कडे आहे. कूलर बसवायचे दिवस आहेत, ज्यांना पाहिजे त्यांनी नंबर लावून घ्या.

प्लॉट १२: सचिवजी, मशीन भेटली. पण पेटीत सगळे खाचेवाले बिट (होल पाडायच्या सळ्या) आहेत, ६, ८, १० अन् १२ मिमीचे. मले कूलर स्टँडच्या अँगलले ८ चे होल पाडायचे आहेत. घरचा गोल दांडीचा बिट त्यात बसूनच नाही राहिला, नुसता ढकलून बाहेर येते.

वायरमन भाऊ: बसणारच नाही भाऊ. ते एसडीएस प्लसचं तोंड आहे. त्याले १० मिमीची दांडी लागते अन् दांडीवर चार खाचा. दोन खाचा मागून उघड्या, त्यात मशीनच्या पट्ट्या बसतात अन् बिट फिरवतात. दोन खाचा दोन्हीकडून बंद, त्यात छर्रे बसतात, म्हणून बिट गळून पडत नाही. साध्या गोल दांडीले धरायले आत काहीच नाही.

गुरुजी (प्लॉट २): दांडीला कागद किंवा पत्रा गुंडाळून १० मिमीची केली तर?

वायरमन भाऊ: नाही गुरुजी. खाचा कुठून आणाल? ते फिरणारही नाही अन् राहणारही नाही.

दादा फॅब्रिकेशन: प्लॉट १२, पेटीचा खालचा कप्पा उचला. त्यात बोटभर लांब खाचेची दांडी अन् तिच्या तोंडावर काळा चक (जबड्यांनी बिट धरणारं तोंड) असं एक आहे. तेच अ‍ॅडॉप्टर. १३ मिमीपर्यंत गोल दांडी धरते. चावी लागत नाही, हातानं आवळायचा.

प्लॉट १२: हाव, भेटला. दोन रिंगा आहेत त्याले.

दादा फॅब्रिकेशन: बरोबर. आता सांगतो तसं करा. आधी मशीनची पिन बोर्डातून काढून ठेवा. दांडी फडक्यानं पुसा, दांडीच्या मागच्या टोकाले चण्याएवढं ग्रीस लावा, बस. मशीनची कॉलर मागे ओढा, दांडी आत ढकलत थोडी फिरवा. खाचा जुळल्या की ती खोल जाते. कॉलर सोडा अन् चक समोर ओढून पाहा. साधारण एक सेंटीमीटर मागे-पुढे हलेल, पण बाहेर नाही आला पाहिजे. ते हलणं फॉल्ट नाही, एसडीएसची रचनाच तशी आहे.

मग बिट. चकची मागची रिंग एका हातात घट्ट धरा, समोरची फिरवून जबडे उघडा. बिट मधोमध ठेवा अन् आवळा. आवळताना कट-कट आवाज आला की आणखी जोर लावून दोन-तीन कट घ्या. बारीक बिट असला की तो कधीकधी तीन जबड्यांच्या मधात न बसता दोघांच्या फटीत अडकते. म्हणून मशीन हळू फिरवून बिटच्या टोकाकडे पाहा. टोक एका जागी न राहता घेरा घालून राहिलं तं पुन्हा काढून लावा.

प्लॉट १२: ठीक आहे. मग चालू करू?

दादा फॅब्रिकेशन: थांबा! बाजूचा नॉब आधी पाहा. नुसत्या बिटचं चित्र ज्याच्यावर आहे तिथंच ठेवा. हातोडी अन् बिट दोन्ही आहेत तिथं नाही, नुसती हातोडी आहे तिथं तं अजिबातच नाही. नॉब मशीन बंद असतानाच फिरवायचा. अडकला तं चक हातानं थोडा फिरवा, बसेल.

प्लॉट ९: दादा, मी म्हणतो हॅमर चालू ठेवलं तं काय बिघडते? आमची भिंत काँक्रीटची आहे, साधा कार्बाइडचा बिट लावून हॅमरवर मारला की होऊन जाईल ना. त्याच्यासाठी तं हॅमर घेतली.

दादा फॅब्रिकेशन: बिघडते. ठोका कुठं पडते ते समजून घ्या. या मशीनमध्ये आतला पिस्टन हवेच्या दाबानं दट्ट्या हलवते अन् तो दट्ट्या बिटच्या दांडीच्या मागच्या टोकावर सरळ मारते. एसडीएसचा बिट हलका अन् सरकायले मोकळा, म्हणून पूर्ण ठोका टोकापर्यंत जाते. आता मधात तुम्ही चक घातला. ठोका बसते अ‍ॅडॉप्टरच्या दांडीवर, तिथून आटे, आट्यातून चक, चकातून जबडे, मग बिट. अर्धा जोर चकाचं वजन हलवण्यातच जाते. अन् बाकीचा जोर काय करते? चकातला स्क्रू कापते, आटे खाते, जबडे ढिले करते. बिट आत सरकून जाते किंवा फिरायचाच थांबते. काँक्रीटले होल तं होणार नाही, चक मात्र जाईल.

वायरमन भाऊ: अन् साध्या बिटची दांडी असा मार खायसाठी बनवलेलीच नसते. चकात घासून तिच्यावर ओरखडे उठतात, मग दुसऱ्या वेळी धरत नाही. काँक्रीटसाठी पेटीतले खाचेवालेच बिट वापरा. चार बिट त्याच्यासाठीच तं ठेवले आहेत.

प्लॉट ५ वहिनी: पण आमच्याकडे जी ड्रिल आहे तिला चक आहे आणि त्यावर हातोडीचं चित्रपण आहे. त्यात साधेच बिट लावतात, हॅमर चालू करून. मग ते चुकीचं का?

वायरमन भाऊ: नाही वहिनी, ते बरोबर आहे. तुमची इम्पॅक्ट ड्रिल आहे. तिच्यात दातेरी चकत्या एकमेकींवर घसरतात, त्यामुळं स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) अन् चक दोन्ही मिळून थरथरतात. ठोके लय असतात, मिनिटाले हजारोंनी, पण बारीक बारीक. विटेच्या भिंतीत ६, ८ चा होल आरामात होते. लेआउटच्या मशीनचे ठोके कमी पण जड. दोघींवर ‘हॅमर’ लिहिते म्हणून लोक फसतात. फक्त बिनचावीचा चक थरथरीनं हळूहळू ढिला होते, तीन-चार होल झाले की एकदा आवळून घेत जा.

गुरुजी (प्लॉट २): म्हणजे वहिनींच्या ड्रिलमध्ये खाचेचा बिट लावला तर चालेल का? दांडी तर १० मिमीच आहे.

दादा फॅब्रिकेशन: नका लावू गुरुजी. जबडे तीन, खाचा चार. एखादा जबडा खाचेत उतरते, दोन वर राहतात. बिट वाकडा फिरते अन् घसरते.

प्लॉट १२: बरं, आता अँगलवर मारून राहिलो. बिट इकडे तिकडे पळून राहिला, जागेवर टिकूनच नाही राहिला.

दादा फॅब्रिकेशन: पंच मारला का?

प्लॉट १२: नाही.

दादा फॅब्रिकेशन: मग पळणारच. अ‍ॅडॉप्टरमध्ये थोडी लचक असतेच. दांडी तोंडात ढिली, वरून चकामुळं बिटचं टोक तीन-चार इंच पुढं गेलं. साध्या ड्रिलसारखा नेम यात लागत नाही. खिळ्यानं नाही, पंचानंच खड्डा पाडा. मग ४ चा होल, मग ८ चा. ४ चा बिट आखूड घ्या, लांब असला तं लचकीनं तुटते.

अँगल क्लॅम्पनं किंवा व्हाइसमध्ये बांधा. पायाखाली दाबून करू नका. या मशीनचा पीळ घरच्या ड्रिलपेक्षा जास्त आहे. बिट खालून निघायच्या वेळी लोखंडात अडकते अन् अख्खा अँगल फिरवून देते. साइड हँडल लावा, शेवटचा मिलिमीटर राहिला की दाब कमी करा. तेल टाका. मशीनचं नसेल तं स्वयंपाकघरातलं चालते.

प्लॉट ९: स्पीड फुल ठेवायचा का?

दादा फॅब्रिकेशन: या मशीनचा फुल म्हणजे ९०० फेरे. ८ च्या एचएसएस (लोखंड कापायच्या पोलादाच्या) बिटले साध्या लोखंडात हजाराच्या आसपास फेरे पाहिजेत, १० च्याले आठशे. म्हणजे ८-१० साठी ही मशीन बरोबर बसते. ३-४ च्या बिटले जास्त फेरे पाहिजेत, म्हणून तिथं ही हळू वाटते. तेव्हा दाबू नका, वेळ द्या. १२-१३ चा असला तं ट्रिगर अर्धाच दाबा. निळा पडलेला बिट म्हणजे फेरे जास्त अन् तेल नाही.

सचिव: टाकीची मोटर कोणी चालू ठेवली आहे? टाकी वाहते आहे. बाकी चर्चा चालू द्या.

प्लॉट ५ वहिनी: मोटर बंद केली सचिवजी. दादा, टाइल्समध्ये होल पाडायचे आहेत, बाथरूमच्या हँगरसाठी. तिथे लेआउटची मशीन चालेल?

वायरमन भाऊ: या अ‍ॅडॉप्टरचं खरं काम तेच आहे वहिनी. टाइलवर हॅमर चालू केला की टाइल तडकते. भाल्यासारख्या टोकाचा कार्बाइड बिट भेटते, काचेचा म्हणतात, तो चकात लावा, हॅमर बंद, एकदम हळू. खुणेवर कागदी टेप चिकटवा म्हणजे टोक सरकणार नाही. थोडं थोडं पाणी शिंपडा, पण मशीनवर नको. टाइल पार झाली की मागं वीट असली तं तसंच चालू ठेवा. काँक्रीट लागलं तं अ‍ॅडॉप्टर काढून तेवढ्याच मापाचा खाचेचा बिट लावा अन् मग हॅमर. तो टाइलच्या कडेले टेकू देऊ नका.

गुरुजी (प्लॉट २): आमच्या जुन्या वाड्याच्या भिंती मातीच्या आहेत. तिथेही हॅमर नकोच ना?

वायरमन भाऊ: नको. ठोक्यानं भोक मोठं होते, माती ढासळते, गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकतो ती) राहत नाही. चक लावून नुसतं फिरवा. ८ ची गिट्टी असली तं ७ चा बिट घ्या अन् गिट्टी ठोकून बसवा. पण वाड्याचा पाया काळ्या दगडाचा असेल तं तिथं उलटं आहे. साधा बिट दगडावर नुसता घासत बसते, टोक लाल होते अन् कार्बाइडचा तुकडा निघून पडते. तिथं खाचेचाच बिट अन् हॅमरच.

प्लॉट ९: टिनाच्या शेडचे स्क्रू मारायले चालते का हे? रिव्हर्स पण आहे मशीनले.

दादा फॅब्रिकेशन: माझं मत, नको. यात पीळ थांबवायची सेटिंग नाही. वॉशरचं रबर चपटं होऊन जाते, स्क्रूचं डोकं तुटते. त्याले चार्जिंगची मशीन चांगली. रिव्हर्स करायचाच तं आधी चकात पाहा. जबडे पूर्ण उघडले की तळाशी स्क्रू दिसते का?

प्लॉट ९: दिसते.

दादा फॅब्रिकेशन: मग ठीक. तो स्क्रू नसला तं उलटं फिरवल्यावर चक आट्यावरून निघून हातात येते. स्वस्तातल्या काही अ‍ॅडॉप्टरले स्क्रूचं भोकच नसते, ते फक्त सुलट चालवायचे.

अन् तो स्क्रू उलट्या आट्याचा असते, हे ध्यानात ठेवा. कधी चक बदलायचा झाला तं स्क्रू घड्याळाच्या दिशेनं फिरवून निघते. नेहमीसारखा डावीकडे जोर लावला की डोकं गोल होऊन बसते, मग ड्रिल करूनच काढा. स्क्रू निघाला की चक मात्र नेहमीच्या आट्याचा आहे, डावीकडे फिरवून निघते. दांडी व्हाइसमध्ये दोन लाकडी तुकड्यांमध्ये धरा, चकात १० ची एलन की (षटकोनी दांडीची चावी) आवळा अन् तिच्यावर हातोडीचा एक झटका द्या. हे मशीनमध्ये लावून करू नका, तो झटका गिअरवर जाते.

सचिव: समजा चक खराब झाला, तर तालुक्याला कोणताही १३ चा चक चालेल का?

दादा फॅब्रिकेशन: नाही, सचिवजी. जुना चक सोबत न्या. बहुतेक अ‍ॅडॉप्टरचे आटे अर्धा इंच, इंचाले २० असतात. बाजारात १२ मिमीचे, सव्वा मिमी पिचचे चकपण येतात. दोघांच्या आट्यांची पिच जवळपास सारखीच, १.२७ अन् १.२५. फरक जाडीत आहे, १२.७ अन् १२. अर्ध्या इंचाच्या चकात १२ ची दांडी आरामात जाते, आवळल्यासारखीही वाटते, अन् दोन दिवसांनी आटे खाऊन मोकळी होते. दुकानात हातानं लावून हलवून पाहा. खडखड झाली तं घेऊ नका.

अन् दोन रिंगांचाच घ्या. एका रिंगेचा चक चार्जिंगच्या मशीनवर चालते, कारण ट्रिगर सोडला की तिची स्पिंडल लॉक होते. हॅमरमध्ये तसं लॉक नसते, तुम्ही आवळाल तसा चक फिरत राहील.

गुरुजी (प्लॉट २): चावीचा घेतला तर जास्त घट्ट बसतो असे ऐकले आहे.

दादा फॅब्रिकेशन: बसते, खरं आहे. १० च्या वरच्या बिटले लोखंडात मी चावीचाच लावायले सांगीन. पण ही मशीन वीस घरी फिरते, चावी पहिल्याच महिन्यात हरवल. बिनचावीचाच ठेवा, अन् १० च्या वरचे बिट तीन बाजूंनी सपाट दांडीचे घ्या. ते घसरत नाहीत. गोल दांडी घसरलीच तं लगेच ट्रिगर सोडा. तशीच फिरवली की दांडीवर कड उठते, तेवढी कानशीनं घासून मगच पुन्हा लावा.

प्लॉट ९: रिंग हातात धरून मशीन चालू केली तं पटकन आवळते, व्हिडिओत दाखवून राहिले होते.

वायरमन भाऊ: मनगट पिळून निघाल बे! हाताचंच काम आहे ते.

प्लॉट १२: आता चक जाम झाला. बिट निघूनच नाही राहिला.

दादा फॅब्रिकेशन: पिन काढा. हात तेलकट आहेत का? पुसा. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे घ्या, दोन्ही रिंगांवर गुंडाळा अन् उलट दिशेले पिळा. पहिला कट सुटला की बाकी हातानं येते. नाही आला तं दोन रिंगांच्या फटीत डब्ल्यूडी-फोर्टी (जाम सोडवायचा स्प्रे) मारा, दहा मिनिटं थांबा. पाइप पाना लावू नका, रिंग फुटते. अन् निघाल्यावर चक खाली तोंड करून झटका, आतला चुरा पाडा. जबड्यांत ग्रीस नको, धूळ चिकटून लापशी होते. ग्रीस फक्त मागच्या खाचेच्या दांडीले.

प्लॉट १२: निघाला. ट्यूबनंच निघाला. आठही होल झाले.

सचिव: छान. मशीन आता प्लॉट ५ कडे द्या. देताना नॉब बिटच्या चित्रावर ठेवून द्या आणि अ‍ॅडॉप्टर मशीनमधून काढून पेटीत ठेवा.

प्लॉट ५ वहिनी: संध्याकाळी आणून द्या भाऊ, आता दुपारी व्होल्टेज पडून राहिलं आहे. कूलरपण नीट फिरत नाही.

वायरमन भाऊ: बरोबर आहे वहिनी. कमी व्होल्टेजवर जोर देऊन चालवली की वाइंडिंग तापते. अन् एक्स्टेंशनची वायर गुंडाळीतून पूर्ण सोडून वापरा.

प्लॉट १२: सहा वाजता आणतो वहिनी. ४ चा बिट मात्र माझा आहे, पेटीत आला तं परत करा.